मिनिट्समध्ये लिहून घेतलेलं विशेषण

"अकरा दिवस, बावीस नोंदी, आणि बावीसच्या बावीस वेळा चार पॉइंट सहा." मी लॉगबुक फर्गलच्या टेबलावर उघडं ठेवलं. "असं कधी होत नाही."

फर्गल आमचा ऑपरेशन्स डायरेक्टर, माझा बॉस. त्याने आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन ते आठच्या मध्ये आहे ना? मग ग्रँड, ठीक आहे."

"ग्रँड काय? हे आकडे बघून लिहिलेले नाहीत. एका जागी बसून लिहिलेत."

"कोणी? लुसिएनने?" तो हसला. "युअर वन?" इकडे 'ती बाई' म्हणायची ही पद्धत. "मकरंद, ती इथली सगळ्यात काटेकोर बाई आहे. तुझ्याहून."

मला तेही लागलं, हे कबूल करतो.

मी आयर्लंडमध्ये, सँडीफोर्डमधल्या एका लहान कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. आम्ही औषधं बनवत नाही, सांभाळतो. इन्सुलिन, लशी, काही इंजेक्शनं दोन ते आठ डिग्रीतच ठेवावी लागतात. त्यासाठी आमच्याकडे कोल्ड रूम आहे, म्हणजे माणूस आत चालत जाईल एवढा मोठा फ्रिज. दाराशी तापमानाचा डिस्प्ले आहे. कामाच्या दिवशी सकाळी आठला आणि दुपारी चारला तो आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, सही करायची. ती वही म्हणजे लॉगबुक. आमच्या धंद्यात लॉगबुकात खोटा आकडा लिहिणं हे चोरीपेक्षा वाईट. चोरी झाली तर माल जातो. एक खोटा आकडा सापडला तर त्या वहीतल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. लिहिणाऱ्याची नोकरी त्याच आठवड्यात जाते.

लुसिएन ब्राझीलची, मिनास जेराइस नावाच्या प्रांतातल्या एका गावातली. आमच्याकडे दोन वर्षं होती. तिचं एम्प्लॉयमेंट परमिट पुढच्या महिन्यात संपणार होतं, आणि ते वाढवायच्या फॉर्मवर कंपनीची सही हवी होती. तो फॉर्म फर्गलच्या टेबलावर पडला होता. नोकरी गेली की परमिट जातं, परमिट गेलं की देश सोडायचा. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी स्वतः सहा वर्षं परमिटवर काढली आहेत.

तरी मी लॉगबुक नेमकं त्या फॉर्मवरच ठेवलं होतं.

"दोन दिवस दे," मी म्हणालो. "पुरावा आणतो."

संशय एकदा घेतला की पुरावा कमी पडत नाही. पहिल्या दिवशी मी दाराच्या बॅज रीडरची यादी काढली. कोण कधी आत गेलं आणि कधी बाहेर आलं, ते त्यात असतं. डिस्प्ले बाहेर आहे. आकडा वाचायला आत जायची गरजच नाही. लुसिएन मात्र गेले आठ दिवस दोन्ही वेळा आत जात होती, आणि प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं आत होती. एवढ्या गारठ्यात पाच मिनिटं कशाला?

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेल्यावर मी आत गेलो. सगळ्यात खालच्या फळीवर, खोक्यांच्या मागे, जॅमची एक रिकामी बरणी होती. तिच्यात पाणी. औषधांच्या खोलीत खाण्यापिण्याच्या वस्तू आणायला सक्त मनाई आहे. मी फोटो काढला, पाणी सिंकमध्ये ओतलं, बरणी पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, 'विनापरवाना भांडं'.

बाहेर येताना डिस्प्लेकडे पाहिलं. चार पॉइंट सहा.

आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात आलं ते असं: बघा, आज खरोखरच चार पॉइंट सहा आहे. म्हणजे हिने एखाद्या दिवशी एकदाच आकडा पाहिला आणि बाकीच्या दिवसांना तोच चिकटवला.

दुपारी लुसिएनला मीटिंग रूममध्ये बोलावलं. फर्गल प्रश्न विचारणार, मी मिनिट्स लिहिणार. मिनिट्स म्हणजे कोण काय बोललं त्याची लेखी नोंद. अशा चौकशीत नियम असा, की समोरचा माणूस जे शब्द वापरेल तेच लिहायचे. आपण सुधारायचे नाहीत, भाषांतर करायचं नाही.

फर्गलने वही तिच्यासमोर सरकवली. "हे आकडे तू डिस्प्लेवर पाहून लिहिलेस?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"तोच आकडा रोज येतोय, हे तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. दुसऱ्याच दिवशी वाटलं."

"मग तरी तोच लिहिलास?"

"तोच दिसत होता. दिसतो तो लिहायचा, हा नियम. मला काय वाटतं त्यासाठी वहीत कॉलम नाही."

फर्गलच्या ओठाचा कोपरा हलला. मी मान खाली घालून लिहीत होतो. उत्तर पाठ करून आली आहे, असं मला वाटलं.

"बरं, मग तुला काय वाटलं?" फर्गलने विचारलं.

ती पोर्तुगीजमध्ये एक शब्द म्हणाली. "देस्कोन्फियादा. मी देस्कोन्फियादा झाले."

"म्हणजे?"

"इंग्लिशमध्ये..." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "सस्पिशस नाही. डाउटफुल पण नाही. मला येत नाही सांगता."

ही वेळ काढते आहे, असं मी मनात म्हटलं. पण फर्गलने पेन खाली ठेवलं. त्याला शब्दांची हौस आहे. आजोबांच्या गेलिक म्हणी तो कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवत असतो. "सावकाश सांग," तो म्हणाला. "मकरंद लिहून घेतोय."

मी लिहून घेतलं. दोन पानं झाली. ती कंपनीच्या फाइलमध्ये आजही आहेत. त्यातलं महत्त्वाचं इथे देतो.

शब्दाचं मूळ 'फियार' या क्रियापदात. फियार म्हणजे भरवसा ठेवून देणं. हे मूळ लॅटिनमधून आलेलं आहे, आणि इंग्लिशमधलं कॉन्फिडन्सही त्याच घरातलं. तिच्या गावात वाण्याकडे पैसे नंतर द्यायच्या बोलीवर जे घेतात ते 'फियादो'. दुकानात पाटी असते, 'फियादो सो अमान्यां'. म्हणजे उधार फक्त उद्या.

इथे माझं पेन थांबलं. आमच्या सांगलीच्या वाण्याकडे 'आज रोख, उद्या उधार' लिहिलेलं असायचं. एवढ्या लांबच्या दोन गावांतल्या वाण्यांना एकच विनोद सुचला होता. मला हसू आलं, ते मी दाबलं. ज्याची चौकशी चालू आहे त्याच्यासमोर हसू नये.

तर 'कोन्फियार' म्हणजे विश्वास ठेवणं, आणि आधी 'देस' लावला की तो विश्वास काढून घेणं. त्यावरून विशेषण देस्कोन्फियादो. बाई असेल तर देस्कोन्फियादा.

"कुणाला म्हणता तुम्ही असं?" फर्गलने विचारलं.

"कुत्र्याला म्हणतो. पाव टाकला तर आधी हुंगतो, मग खातो, तो कुत्रा. नव्या माणसाशी मोजकंच बोलणाऱ्या मुलालाही म्हणतो. नजरेला म्हणतो. आणि आम्हा मिनासच्या सगळ्या लोकांना म्हणतात. उरलेला ब्राझील हसतो आम्हाला. मिनासचा माणूस पूल ओलांडायच्या आधी पाय आपटून बघतो म्हणे."

"माझी आई केरीची," फर्गल म्हणाला. "तिथे वेळ विचारली तर म्हणतात, तुला कशाला हवी?"

"तसंच काहीतरी," लुसिएन म्हणाली. "पण आमच्याकडे ही शिवी नाही. माझे आजोबा डेअरीत दूध घालायचे. खिशात एक दगड असायचा, घरी वजन केलेला. आधी तो दगड डेअरीच्या काट्यावर ठेवायचे, काटा बरोबर दाखवतो का बघायचे, आणि मगच दुधाचा कॅन. डेअरीवाला चिडायचा नाही. म्हणायचा, सेन्योर देस्कोन्फियादो आहेत, ठेवा दगड. आजोबा डेअरीवाल्याला चोर म्हणत नव्हते ना. काट्याला फक्त विचारत होते."

मी मराठी शब्द शोधत होतो. संशयी म्हटलं तर तो माणूस वाईट ठरतो. शंकेखोर म्हटलं तर कटकट्या. सावध म्हटलं तर त्यात शंका येत नाही. ताकही फुंकून पिणारा जवळ जातो, पण त्याला आधी दुधाने तोंड भाजावं लागतं. मी तो शब्द देवनागरीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

"ओके," फर्गल म्हणाला. "म्हणजे तुला डिस्प्लेचा भरवसा वाटेना. मग तू कोणाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"कोणाला?"

ती हाताच्या नखांकडे बघत होती. "नाव मी नाही सांगणार. माझ्याकडे कागद नाही. मी नाव घेतलं आणि तो नाही म्हणाला, तर माझ्या शब्दासमोर त्याचा शब्द. आणि माझं परमिट तुमच्या टेबलावर. तो आपणहून म्हणाला तर गोष्ट वेगळी. मी वाट बघते आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यामुळेच मला आठवलं.

कँटीनबाहेरचा कॉरिडॉर. त्या दिवशी माझी आई पुण्याहून येणार होती, आणि विमान लवकर उतरल्याचा मेसेज आला होता. मी कोट चढवत होतो, फोन कानाला होता. लुसिएन समोर आली आणि म्हणाली, "मकरंद, तो डिस्प्ले मला आवडत नाहीये. हलतच नाही." मी चालता चालता म्हणालो, "लीव्ह इट विथ मी."

आयर्लंडमध्ये हे वाक्य सगळे म्हणतात. प्लंबर म्हणतो, बँकवाली म्हणते, फर्गल तर दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्याचा अर्थ 'आता करतो' असाही असतो आणि 'आता तू जा' असाही. माझ्या घरी त्याला 'बघतो हं' म्हणतात.

मी मिनिट्समध्ये लिहिलं: 'एका व्यक्तीला तोंडी सांगितल्याचं म्हणते. नाव सांगण्यास नकार.' हे शब्दशः खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खोटं खरं वाक्य तेच.

फर्गल म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत ती व्यक्ती पुढे आली नाही, तर मला सस्पेन्शनचं पत्र द्यावं लागेल, लुसिएन. आय अ‍ॅम सॉरी."

ती उठली. खुर्ची जागेवर सरकवली आणि गेली.

घरी अश्विनी, माझी बायको, पोळ्या लाटत होती. ती घरून डबे करते, आणि गुरुवारी ऑर्डरी जास्त असतात. मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, कॉरिडॉरसकट.

"मग उद्या सांगून टाक. त्यात एवढं काय?" ती म्हणाली.

"तसं नाही गं. तिने मला सांगितलं, हे खरं. पण म्हणून आकडे खरे ठरत नाहीत. बॅजची यादी आहे, ती बरणी आहे. तिने आकडे मारलेले असूही शकतात."

"अस्सं. आणि हे तुला इतकं पक्कं कसं माहीत?"

"अनुभव आहे मला."

ती लाटणं थांबवून माझ्याकडे बघायला लागली. अनुभव कुठला, हे तिला माहीत होतं. तिला सोडून मी तो कधी कोणाला सांगितलेला नाही. आता इथे सांगतो.

पहिल्या नोकरीत, बोईसरजवळच्या एका औषध कंपनीत, ऑडिटच्या आदल्या दुपारी माझ्या सीनियरने मला आर्द्रतेचं कोरं लॉगबुक दिलं. तीन आठवड्यांच्या नोंदी राहून गेल्या होत्या. मी दोन वेगवेगळी पेनं घेऊन त्या सगळ्या भरल्या. ऑडिटर खूश होऊन गेला. मला शाबासकी मिळाली, पुढे बढतीही. मी क्वालिटीत आलो तो या भांडवलावर. तेव्हापासून कोणाचंही लॉगबुक उघडलं की मी आधी शाई बघतो. चोराच्या मनात चांदणं.

"एक सांग," अश्विनी म्हणाली. "तेव्हा तू ते सगळे आकडे एकसारखे लिहिलेस का रे?"

"छे. सरांनी बजावलं होतं, जरा वर-खाली कर, नाहीतर पकडले जाऊ."

"मग? खोटं लिहिणाऱ्याला एवढी अक्कल असते. बावीस वेळा तोच आकडा कोण लिहील? जिला दुसरं काही दिसलंच नाही, ती." तिने पोळी तव्यावर टाकली. "तुझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे कळू नये?"

तवा तापला होता. ती म्हणाली, "सरक जरा, डबे भरायचेत."

सकाळी ग्रीन लाइनच्या ट्रॅममध्ये मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. पहिल्यात मी घाईत होतो. दुसऱ्यात तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्यात आईचं विमान होतं. फर्गलच्या दारात उभा राहिलो तेव्हा चौथंच तोंडून गेलं.

"ती व्यक्ती मी आहे."

फर्गलने वर पाहिलं. "हे तुला काल त्या खोलीत माहीत होतं?"

"तिने सांगितलं म्हणाली, तेव्हा आठवलं."

"आणि तू लिहीत राहिलास."

"हो."

"जीझस, मकरंद." त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "ती चोर असती तर मला एवढा राग आला नसता."

मग कामं भराभर झाली. दहा वाजता इंजिनियर आला. त्याने पॅनेल उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, की सेन्सरची वायर सैल झाली आहे. संपर्क तुटला की कंट्रोलर शेवटचा आकडा धरून बसतो. अलार्मही त्याच सेन्सरवर होता, म्हणून तो वाजला नाही. इतके दिवस आतलं तापमान काय होतं, हे कोणत्याच यंत्राला माहीत नव्हतं. आत लाखो रुग्णांची नाही, पण शेकडोंची औषधं होती. त्यातली काही रोज बाहेर जात होती.

फर्गलने लुसिएनला बोलावलं. "आज मला तुझ्याकडून नाव नको," तो म्हणाला. "नाव मिळालं. मला फक्त सांग, आत पाच मिनिटं काय करायचीस?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून एक साधा काचेचा थर्मामीटर काढला आणि एक छोटी वही. बरणीतलं पाणी कोल्ड रूममध्ये कायम राहायचं, त्यामुळे ते आतल्या मालाइतकंच थंड असायचं. ती रोज दोनदा त्यात थर्मामीटर बुडवून चार मिनिटं उभी राहायची. आणि वहीत आकडे होते: चार, साडेचार, पाच, पुन्हा चार. बरणी आणल्यापासून रोजचे. मला सांगितल्यावर एक दिवस तिने वाट पाहिली होती, आणि माझी काही हालचाल दिसेना तेव्हा बरणी आणली होती.

"काल का नाही दाखवलंस?" फर्गलने विचारलं.

"ही वही नियमाबाहेरची आहे. कंपनीच्या शिक्क्याशिवाय कामाची नोंद ठेवायची नाही, हे मकरंदनेच ट्रेनिंगमध्ये शिकवलं. मला एका गोष्टीवरून काढणार होते, वही दाखवली असती तर दोन गोष्टींवरून."

तिचं चुकत नव्हतं. अशी वही सापडली असती तर काल मी तीही पिशवीत घातली असती.

थर्मामीटर लॅबमध्ये तपासला. अर्ध्या डिग्रीच्या आत बरोबर निघाला. औषधांच्या मालकांना आम्ही सगळं कळवलं, ती वहीही पाठवली. वहीतल्या दिवसांचा माल बहुतेकांनी मान्य केला. आधीच्या तीन दिवसांना पुरावाच नव्हता. तेव्हाचा माल परत मागवावा लागला, काही नष्ट करावा लागला. कोणा रुग्णाला इजा झाल्याचं कळलं नाही. चौकशीच्या अहवालात कारण लिहायची जागा असते. तिथे मी सेन्सर लिहिला, आणि त्याच्या खाली माझं नाव. मला लेखी ताकीद मिळाली. लुसिएनच्या फॉर्मवर फर्गलने त्याच दिवशी सही केली. नियमाबाहेरच्या वहीबद्दल तिला समज द्यावी लागली. ते पत्रही मीच टाइप केलं, कारण ते माझं काम आहे.

मी तिची माफी मागितली. ती "ओके" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, नीट कारणांसकट. ती "ओके" म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती माल चढवायच्या डॉकवर खोकी मोजत होती, तिथे जाऊन मी बोईसरचीही गोष्ट सुरू केली.

तिने मोजणं थांबवलं. "मकरंद, आमच्याकडे अजून एक शब्द आहे. देस्कोन्फिओमेत्रो. थट्टेचा आहे. थर्मामीटरसारखं यंत्र, प्रत्येकाच्या आत बसवलेलं. आपला समोरच्याला त्रास होतोय, हे त्यावर कळतं."

"बरं."

"तुमचं बंद पडलंय. आता मला पहिल्यापासून मोजावं लागेल."

मी परत फिरलो. बोईसरची गोष्ट अर्धीच राहिली.

धडा म्हणाल तर एवढाच आहे. आकडा खोटा वाटला तर आधी यंत्र तपासावं, मग वही, आणि माणूस सगळ्यात शेवटी. माणसांची रांग लागली तर तिची सुरुवात स्वतःपासून करावी. आमच्या ट्रेनिंगमध्ये आता हे एका स्लाइडवर आहे. लोक ती पटकन पुढे ढकलतात.

लुसिएन मला आता तोंडी काही सांगत नाही. ईमेल करते. 'गुड मॉर्निंग मकरंद, डॉक दोनच्या दाराचं रबर फाटलं आहे.' सीसी, फर्गल. 'गुड आफ्टरनून मकरंद, कँटीनच्या कपाटातली साखर संपली आहे.' सीसी, फर्गल. साखरेचा क्वालिटी डिपार्टमेंटशी काही संबंध नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी त्याच मिनिटाला उत्तर देतो, 'थँक यू, नोटेड.' मग कोट घालतो आणि साखर आणायला जातो.